मद्य नाही, पित्ताचा खडा नाही. मग स्वादुपिंडाचा दाह कशाने?

जन्मांध माणसाला वाटेत पाहून शिष्यांनी प्रभू येशूला विचारलेला प्रश्न संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आहे. पाप कोणाचे, त्याचे स्वतःचे की त्याच्या आईवडिलांचे, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. प्रभूने त्या प्रश्नाचा रोखच नाकारला. तरीही तो प्रश्न आपल्यातून गेलेला नाही. गावातील एखादा मनुष्य पोटाच्या असह्य वेदनेने रुग्णालयात दाखल झाला आणि डॉक्टरांनी 'पँक्रियाटायटिस' असे निदान केले, की रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात हलक्या आवाजात विचारणा सुरू होते: "कधीपासून घेत होता?" रुग्ण स्त्री असली, तर तोच प्रश्न तिच्या पाठीमागे आणखी हळू आवाजात विचारला जातो.

मद्यपानाने हा आजार होतो, हे खरे आहे. परंतु तो केवळ मद्यपानानेच होतो, हा समज चुकीचा असून दोन प्रकारे घातक आहे. एक तर ज्याने आयुष्यात ग्लासाला हात लावला नाही, त्याच्या माथी कलंक बसतो आणि त्याच्या घरच्यांना भेटायला येणाऱ्यांच्या नजरा सोसाव्या लागतात. दुसरा धोका याहून मोठा आहे. एकदा कारण 'ठरले' की शोध थांबतो. खरे कारण शरीरात तसेच राहते आणि काही महिन्यांनी आजार पुन्हा उलटतो. काही थोड्या रुग्णांत तर हा दाह म्हणजे शरीरात लपलेल्या कर्करोगाची पहिली खूण असते. म्हणून या लेखात नेहमीच्या दोन कारणांविषयी थोडक्यात आणि क्वचित आढळणाऱ्या कारणांविषयी सविस्तर लिहीत आहे.

स्वादुपिंड ही जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून आडवी पसरलेली सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची ग्रंथी आहे. रक्तातील साखर आवरणारे इन्शुलिन ती तयार करते, हे मधुमेहामुळे आता घरोघरी ठाऊक झाले आहे. तिचे दुसरे काम तितकेच मोठे आहे. अन्नातील प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि पिष्ट पदार्थ पचविणारे पाचकरस ती बनवते. यांपैकी प्रथिने पचविणारा रस इतका तीव्र असतो, की तो ग्रंथीमध्ये निष्क्रिय रूपातच साठवलेला असतो. नलिकेवाटे तो लहान आतड्यात उतरला, की तेथे त्याला जाग येते. काही कारणाने ही जाग ग्रंथीच्या आतच आली, तर तो रस ग्रंथीलाच पचवू लागतो. प्राग येथील हान्स कियारी या विकृतिशास्त्रज्ञाने १८९६ साली ही स्वपचनाची कल्पना मांडली. त्यापूर्वी १८८९ मध्ये बॉस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी या आजाराचे पहिले पद्धतशीर वर्णन केले होते.

वेदना बहुधा अचानक सुरू होते. बेंबीच्या वर, पोटाच्या मध्यभागी ती उठते, पाठीत शिरते, तासन्‌तास थांबत नाही आणि पुढे वाकून बसल्यास किंचित सुसह्य होते. सोबत मळमळ आणि उलट्या असतात. आपल्याकडे याला प्रथम 'गॅस' किंवा 'ॲसिडिटी' म्हटले जाते आणि रात्र सोडा पिऊन काढली जाते. निदानासाठी डॉक्टर तीन गोष्टी पाहतात: अशी वेदना, रक्तातील अमायलेज किंवा लायपेजचे प्रमाण नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिप्पट वा अधिक, आणि स्कॅनवरील खुणा. यांपैकी दोन जुळल्या की निदान पक्के. बहुतेक रुग्ण आठवडाभरात बरे होतात. काहींमध्ये मात्र मूत्रपिंडे व फुप्फुसे निकामी होऊ लागतात आणि जीवावर बेतते.

आता नेहमीची कारणे. जगभर पहिला क्रमांक पित्ताशयातील खड्यांचा आहे, मद्याचा नव्हे. हा क्रम आवारात बोलणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. लहानसा खडा घसरून पित्तनलिकेच्या तोंडाशी अडकतो आणि स्वादुपिंडाचा रस तुंबतो. वाळूएवढे बारीक खडे साध्या सोनोग्राफीत निसटू शकतात. म्हणून 'खडा नाही' हा पहिला अहवाल अखेरचा मानू नये. ती तपासणी पुन्हा करतात किंवा दुर्बिणीतून आतल्या बाजूने सोनोग्राफी करतात. मद्यामुळे होणारा दाह सहसा अनेक वर्षांच्या भरपूर मद्यपानानंतर येतो. लग्नात घेतलेल्या एका घोटाने तो येत नाही. धूम्रपानानेही धोका स्वतंत्रपणे वाढतो, ही गोष्ट मात्र फारशी कोणी बोलत नाही.

ही दोन्ही कारणे बाजूला पडली, की पुढचा प्रश्न रक्तातील कॅल्शियमचा असावा. ही तपासणी साधी आणि स्वस्त आहे. तिचा अर्थ लावण्यात मात्र गफलत होते, म्हणून येथे थोडे थांबू या.

कॅल्शियम म्हणजे हाडे, एवढेच आपण शाळेत शिकलो. प्रत्यक्षात ते पेशींमधील निरोप्याचे कामही करते. स्वादुपिंडाच्या पेशींत कॅल्शियम वाढले, की निष्क्रिय पाचकरस वेळेआधीच जागा होतो. रक्तातील कॅल्शियमची नेहमीची पातळी प्रत्येक १०० मिलिलिटरमध्ये साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम असते. मानेत अवटू ग्रंथीच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. ही पातळी राखणे हे त्यांचे काम. त्यांतील एखादी ग्रंथी बेलगाम झाली, की हाडांतील कॅल्शियम रक्तात उतरत राहते. अमेरिकेतील शल्यविशारद ऑलिव्हर कोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये दाखवून दिले, की स्वादुपिंडाचा दाह हाच या ग्रंथींच्या बिघाडाकडे बोट दाखविणारा धागा ठरू शकतो. हा बिघाड बहुतांशी एकाच ग्रंथीच्या साध्या, कर्करोग नसलेल्या गाठीमुळे होतो. ती गाठ शस्त्रक्रियेने काढली, की रुग्ण बहुधा कायमचा मोकळा होतो. वारंवार होणारे मूतखडे, ठिसूळ हाडे आणि पोटदुखी यांचे मूळ त्या इवल्याशा गाठीत असल्याचे वर्षानुवर्षे लक्षात न आलेले रुग्ण आजही सापडतात.

कॅल्शियम वाढण्याचे दुसरे मोठे कारण कर्करोग. रुग्णालयात दाखल असलेल्या लोकांत ते विशेष दिसते. कर्करोग हे तीन वाटांनी घडवून आणतो. सर्वांत नेहमीची वाट अशी: फुप्फुस, डोके व मान, मूत्रपिंड, स्तन अशा अवयवांतील काही गाठी पॅराथायरॉइड संप्रेरकाशी साधर्म्य असलेले एक प्रथिन रक्तात सोडतात. हे प्रथिन १९८७ साली ओळखले गेले. शरीर त्याला खरे संप्रेरक समजून हाडांतील कॅल्शियम मोकळे करते. या प्रकारात कर्करोग हाडांपर्यंत पोहोचलेला असलाच पाहिजे असे नाही. दुसरी वाट हाडांतच घडते. स्तनाचा कर्करोग हाडांत पसरतो किंवा मायलोमा नावाचा अस्थिमज्जेचा कर्करोग हाड आतून पोखरतो, आणि पोखरलेल्या हाडाचे कॅल्शियम रक्तात मिसळते. तिसरी वाट विरळ आहे: लिम्फोमाच्या काही प्रकारांत गाठच क्रियाशील 'ड' जीवनसत्त्व तयार करते.

हे वाचून कोणी घाबरू नये. कॅल्शियम वाढलेल्या फारच थोड्या रुग्णांना स्वादुपिंडाचा दाह होतो, आणि दाह झालेल्यांपैकी फार थोड्यांच्या बाबतीत कॅल्शियम हे कारण असते. कर्करोगाचा वाटा त्याहूनही लहान. तरीसुद्धा ज्याच्या वाट्याला हे येते, त्याच्यासाठी निदानाला झालेला दोन महिन्यांचा उशीर ही लहान गोष्ट नसते.

समजा, साठीतील एक बाई आहेत. दहा वर्षांपूर्वी त्यांच्यावर स्तनाच्या कर्करोगाचे उपचार झाले आणि त्या बऱ्या झाल्या. गेले दोन महिने त्यांना बद्धकोष्ठ आहे, तहान फार लागते, रात्री चारदा उठावे लागते, अंगात त्राण नाही आणि कधी कधी बोलता बोलता त्या गोंधळतात. घरच्यांना वाटते, वय झाले. साखर तपासली, ती ठीक निघाली. एके रात्री पोटात कळ उठते आणि त्या रुग्णालयात दाखल होतात. बद्धकोष्ठ, तहान, वारंवार लघवी, थकवा, गोंधळ: ही सारी लक्षणे वाढलेल्या कॅल्शियमची आहेत. प्रत्येक लक्षण सुटे पाहिले तर क्षुल्लक, म्हणूनच ती नजरेतून सुटतात. जुन्या कर्करोगाचा उल्लेख दाखल होताना कोणीतरी करायला हवा. आपल्या घरांत हा आजार 'बोलू नये' असा मानला जातो. पुष्कळदा सुनेला आणि जावयाला तो ठाऊकच नसतो. अपघात विभागात नेमकी तीच माणसे सोबत असतात.

आता गफलतीविषयी. स्वादुपिंडाचा दाह तीव्र झाला, की तो स्वतःच रक्तातील कॅल्शियम खाली ओढतो. नष्ट झालेल्या चरबीशी त्याचा संयोग होऊन एक प्रकारचा साबण बनतो आणि ते तेथेच अडकून पडते. म्हणजे कॅल्शियम वाढल्यामुळे आजार झाला आणि आजारामुळे कॅल्शियम उतरले. दाखल होण्यापूर्वी ते १३ असेल, तर तिसऱ्या दिवशी ९.८ दिसेल. अहवालावर 'नॉर्मल' असा शिक्का पडेल आणि खरे कारण त्या शिक्क्याखाली गाडले जाईल. दुसरी गफलत अल्ब्युमिनची आहे. रक्तातील जवळपास निम्मे कॅल्शियम प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटलेले असते. आजारी माणसाचे अल्ब्युमिन उतरते, म्हणून एकूण कॅल्शियमचा आकडाही कमी दिसतो. ढोबळ हिशेब असा, की अल्ब्युमिन ४ ग्रॅमपेक्षा जितके कमी, त्यातील प्रत्येक ग्रॅममागे कॅल्शियममध्ये ०.८ मिळवावे. अल्ब्युमिन २.५ आणि कॅल्शियम १०.२ असेल, तर खरा आकडा ११.४ च्या आसपास येतो, म्हणजे वाढलेला. मुक्त कॅल्शियमची थेट तपासणी करता आली तर उत्तमच.

यावरून दोन सोप्या गोष्टी निघतात. आजारापूर्वीचे रक्ताचे जुने अहवाल घरात असतील, तर ते डॉक्टरांना दाखवावेत. आणि कारण न सापडता रुग्ण घरी आला, तर पूर्ण बरे वाटल्यावर काही आठवड्यांनी कॅल्शियम पुन्हा तपासून घ्यावे. ते वाढलेले निघाले, तर पॅराथायरॉइड संप्रेरकाची तपासणी वाट दाखवते. ते संप्रेरक चढे असेल तर दोष बहुधा मानेतील ग्रंथीत, आणि दबलेले असेल तर कर्करोगासह इतर कारणांचा शोध घ्यावा लागतो. उपचार उपलब्ध आहेत. सुरुवातीला शिरेतून सलाइन, लगेच परिणाम हवा असल्यास कॅल्सिटोनिन, आणि हाडांचा ऱ्हास रोखणारे झोलेड्रॉनिक ॲसिड, ज्याचा परिणाम दोन-चार दिवसांत दिसू लागतो. अर्थात मूळ रोगावर इलाज होईपर्यंत हे तात्पुरतेच.

'इतर कारणांत' एक असे आहे, की त्याला आपणच आमंत्रण देतो. 'ड' जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी साधारणतः आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे घ्यायची असते. ती रोज घेणारे, महिनोन्‌महिने घेत राहणारे किंवा गुडघेदुखीसाठी ६ लाख युनिटची इंजेक्शने पाठोपाठ टोचून घेणारे लोक आपल्या आसपास आहेत. हे जीवनसत्त्व चरबीत साठते आणि सहजी बाहेर पडत नाही. कॅल्शियमच्या गोळ्यांचा अतिरेकही तसाच. तैवानमध्ये शिंपल्यांच्या चुन्यासोबत सुपारी चघळणाऱ्यांच्या रक्तातील कॅल्शियम वाढल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत झालेली आहे. पानाचा डबा जवळ बाळगणाऱ्या आमच्या ज्येष्ठांनी याची दखल घ्यावी.

कर्करोगाशी या आजाराचा आणखी एक संबंध आहे आणि तो अधिक थेट आहे. स्वादुपिंडातच एखादी गाठ वाढत असेल आणि तिने नलिका दाबली, तर मागे रस तुंबून दाह होतो. सुजेच्या काळात ही गाठ स्कॅनमध्ये झाकली जाऊ शकते. म्हणून चाळिशीपुढील रुग्णात कारण सापडले नाही, तर सूज ओसरल्यावर पुन्हा स्कॅन करण्याचा सल्ला दिला जातो. 'आता दुखत नाही, मग स्कॅन कशाला?' हे वाक्य येथे महागात पडू शकते. वजन घटत असेल किंवा मधुमेह नव्याने उद्भवला असेल, तर अधिकच.

उरलेल्या कारणांपैकी रक्तातील ट्रायग्लिसराइड हे सर्वांत महत्त्वाचे. त्याची पातळी १००० मिलिग्रॅमच्या वर गेली, की धोका वाढतो. अशा वेळी काढलेले रक्त नळीत ठेवल्यावर वर दुधाळ थर दिसतो. अनियंत्रित मधुमेह, आनुवंशिकता, गरोदरपण आणि इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या यांमुळे ते वाढते. या रुग्णांत अमायलेजचा आकडा फसवा, म्हणजे नेहमीसारखा, येऊ शकतो. औषधांमध्ये ॲझाथायोप्रिन, अपस्मारावरील व्हॅलप्रोएट, मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात दिले जाणारे ॲस्परॅजिनेज आणि लघवी वाढविणारी काही औषधे यांचा संबंध सिद्ध झालेला आहे. त्यांतील थायाझाइड वर्गाची औषधे कॅल्शियमही वाढवतात. मात्र हा परिच्छेद वाचून कोणी फिटची गोळी स्वतःहून बंद करू नये. फिट येऊन पडण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे.

पित्तनलिकेतील खडा दुर्बिणीतून काढताना किंवा तपासणी करतानाही काही जणांत दाह उद्भवतो. तो टाळण्यासाठी गुदमार्गे डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथॅसिन दिले जाते. मुलांमध्ये सायकलचे हँडल पोटात घुसून स्वादुपिंडाला मार बसतो. गालगुंडाचा विषाणू हेही मुलांतले एक कारण आहे. आतड्यातील मोठा जंत वर सरकून पित्तनलिकेत शिरतो, आणि काश्मीर खोऱ्यात हे एके काळी या आजाराचे महत्त्वाचे कारण होते. जंतांचे औषध म्हणून मिळणाऱ्या गोळीला आपण किरकोळ समजतो, त्यासाठी ही आठवण. काही कुटुंबांत हा आजार जनुकांतून येतो. तशा जनुकाचा पहिला शोध १९९६ मध्ये लागला. काही जणांत शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते.

विंचवाची गोष्ट वैद्यकीय विद्यार्थ्यांना हमखास ठाऊक असते. कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद बेटावरील एका जातीच्या विंचवाच्या दंशाने स्वादुपिंडाचा दाह होतो, हे तेथील डॉक्टरांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केले. कोकणातल्या वाचकाला लगेच आपला लाल विंचू आठवेल. त्याचे विष मुख्यतः हृदय आणि फुप्फुसांवर घाला घालते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा वापर करून त्यावर जो उपचार रूढ केला, त्याने असंख्य जीव वाचले. विंचू चावला की पोटाची नव्हे, छातीची काळजी आधी करावी लागते.

आणि इतके सारे तपासूनही काही रुग्णांत कारण सापडत नाही. डॉक्टर तसे सांगतात, तेव्हा ते प्रामाणिकपणे सांगत असतात. अशा वेळी रिकामी जागा आपण अफवेने भरू नये. मद्यपानाविषयी डॉक्टरांनी विचारले, तर मात्र रुग्णाने खरे तेच सांगावे. तो प्रश्न न्यायनिवाड्यासाठी नसतो, उपचारासाठी असतो. घरच्यांच्या देखत बोलणे अवघड असेल, तर एकांतात बोलावे.

रुग्णालयातील दोन गोष्टी धर्मग्रामस्थांच्या उपयोगाच्या आहेत. पूर्वी या रुग्णांना अनेक दिवस पूर्ण उपाशी ठेवत. आता सौम्य आजारात उलट्या थांबल्या आणि वेदना कमी झाल्या, की दिवस-दोन दिवसांतच हलके अन्न सुरू करतात. तेव्हा 'इतक्या लवकर खायला कसे दिले?' म्हणून परिचारिकांशी वाद घालू नये. तसेच डॉक्टरांनी परवानगी दिल्याखेरीज घरची पेज किंवा सूप गुपचूप पाजू नये. काहीही गिळण्यास मनाई असेल, तर पवित्र कम्युनियनविषयी आधी डॉक्टरांना विचारावे. होस्तियाचा अगदी लहान कणही पुरेसा असतो, आणि तोही शक्य नसेल तर फादर रुग्णासोबत आध्यात्मिक कम्युनियनची प्रार्थना करतात. उपवासकाळातील उपवासाचे बंधन आजारी माणसाला नाही.

दुसरी गोष्ट रुग्णाभ्यंग संस्काराची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात स्पष्ट केले, की हा संस्कार केवळ अखेरच्या घटकेसाठी नाही. आजारामुळे किंवा वार्धक्यामुळे जिवाला धोका निर्माण होऊ लागला, की तीच त्याची योग्य वेळ. तीव्र दाहाच्या रुग्णाची प्रकृती पहिल्या दोन-तीन दिवसांत झपाट्याने ढासळू शकते आणि मग त्याला अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागते. तो शुद्धीवर असताना, स्वतः प्रार्थनेला 'आमेन' म्हणू शकत असताना फादरांना बोलवावे. अतिदक्षता विभागात धर्मगुरूंना आत जाऊ देण्याविषयी आधीच विनंती करून ठेवली, तर सहसा नकार मिळत नाही. दाखल करतेवेळी रुग्णाच्या चालू औषधांची यादी, जुन्या आजारांची कागदपत्रे आणि आपल्या धर्मग्रामाचा दूरध्वनी क्रमांक एकाच पिशवीत असू द्यावेत.